काचेच्या तंतूसाठी स्विच निवडताना

समजा तुमच्या शाळेच्या दोन इमारती एकमेकींपासून ६०० मीटरवर आहेत आणि त्यांतील संगणक जोडायचे आहेत. संगणकाची तांब्याची केबल सुमारे १०० मीटरपर्यंतच चालते. म्हणून सिंगल-मोड काचतंतू घ्यायचा. त्याचा गाभा सुमारे ९ मायक्रोमीटर, केसाहून कितीतरी बारीक! मग स्विचही महागच हवा का?

मुळीच नाही. प्रकाश पाठवण्याचे व टिपण्याचे काम एक छोटे मॉड्यूल करते. ते बसवण्याची एसएफपी खाच असलेला साधा स्विच पुरतो. खरी निवड मॉड्यूलची.

ती अंतरावर ठरते. सातारा ते सांगली सुमारे १२० किलोमीटर धरू. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश तंतूतून दर १५ किलोमीटरला निम्मा होतो. आठ वेळा निम्मा होऊन सांगलीत त्याचा २५६वा भाग पोहोचेल. १३१० नॅनोमीटरचा प्रकाश साडेआठ किलोमीटरलाच निम्मा होतो. त्याचा उरेल जेमतेम सोळा हजारावा भाग! म्हणून लांब पल्ल्याला १५५०चे महाग मॉड्यूल लागते. पण तेच ६०० मीटरवर लावले, तर प्रकाश टिपणारा भाग दिपून जातो, बिघडूही शकतो. शाळेला १३१०चे, १० किलोमीटर पल्ल्याचे स्वस्त मॉड्यूलच योग्य. दोन्ही टोकांची मॉड्यूले मात्र एकमेकांशी आणि स्विचशी जुळणारी हवीत.

तेव्हा दुकानात आधी अंतर सांगा, मग किंमत विचारा. आणि तंतूच्या टोकात कधीही डोकावू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.