पेरूवरील तांबेरा : एका रोगाचे देशांतर

झाडांचे रोग ज्याचे त्याला होतात, गव्हाचा रोग आंब्याला लागत नाही, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तो पुष्कळ अंशी खराही आहे. परंतु रोग परक्या मुलखात गेला की त्याला नवी झाडे कशी सापडतात, याचे एक उदाहरण सभासद बंधू-भगिनी व विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहोत. आम्ही कला शाखेचे पदवीधर. तेव्हा शास्त्रीय परिभाषा शक्यतो टाळली आहे.

पेरू, जांभूळ, लवंग व निलगिरी ही झाडे एकाच कुळातील होत. या कुळावर पडणाऱ्या तांबेऱ्याच्या बुरशीची पहिली शास्त्रीय नोंद 1884 साली ब्राझीलमधील पेरूवरून झाली. कोवळी पाने, शेंडे, फुले व फळे यांवर पिवळी भुकटी दिसते. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. वारा, कपडे, अवजारे व रोपे यांबरोबर ते दूरवर जातात आणि ओल्या पानावर रुजतात.

दक्षिण अमेरिकेतील मूळची झाडे या बुरशीच्या सहवासात पिढ्यान्‌पिढ्या वाढली. त्यामुळे त्यांच्यापैकी पुष्कळांत तिला तोंड देण्याची शक्ती आली. नवख्या झाडांपाशी ही शिदोरी नसते. ऑस्ट्रेलियातून ब्राझीलमध्ये नेऊन लावलेल्या निलगिरीला हा रोग जडला. 1930 च्या दशकात जमैकात ऑलस्पाइस या मसाल्याच्या झाडांचे मोठे नुकसान झाले. 2005 साली बुरशी हवाई बेटांवर आढळली आणि तेथे लावलेली जामची झाडे मोठ्या प्रमाणावर वाळली.

एप्रिल 2010 मध्ये ती ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात सापडली. हा देश म्हणजे या कुळाचे माहेरघरच. तेथील रानात ‘देशी पेरू’ म्हणून ओळखले जाणारे एक झाड आज नामशेष होण्याच्या मार्गावर आहे. नवी पालवी फुटली की रोग पडतो. पुनःपुन्हा पालवी जळून झाड थकते. फुले-फळेही रोगट झाल्याने बी धरत नाही, म्हणजे पुढची पिढीच खुंटते. 2017 साली रोग न्यूझीलंडलाही पोहोचला. आजवर जगात 480 हून अधिक जातींवर त्याची नोंद झाली आहे.

रोपवाटिकेत औषध फवारता येते. अरण्यात ते शक्य नाही. म्हणून रोग येण्याआधीची दक्षता हाच खरा उपाय. परदेशातून रोपे व बियाणे आणण्यासाठी आपल्या देशात 2003 च्या आदेशानुसार परवाना व आरोग्य प्रमाणपत्र लागते. पुष्कळांना ही कागदी कटकट वाटते. परंतु आप्तांनी प्रेमाने पिशवीत घालून आणलेले एखादे रोप आपल्या जांभळीच्या मुळावर येऊ शकते, हे ध्यानी घेतले तर त्या कागदाचे मोल कळेल. विद्यार्थी मित्रांनी ही गोष्ट घरोघरी सांगावी, एवढीच विनंती.