बुरशी, कुलूप आणि जुन्या फ्लॉप्या

पावसाळ्यात पन्हाळ्यावर धुकं खिडकीतून थेट घरात येतं. भिंतींना ओल धरते, चामड्याच्या चपलांना बुरशी येते. माळ्यावरच्या पेटीत कुणी १९९०च्या आसपासच्या गेमच्या फ्लॉप्या ठेवल्या असतील, तर त्याही यातून सुटत नाहीत. अशी पेटी सापडली की दोन सल्ले हमखास मिळतात : ‘टाकून दे, आता काय चालणार?’ किंवा ‘घाल ड्राइव्हमध्ये, बघू तरी.’ दोन्ही चुकीचे, पण दुसरा जास्त घातक.

ड्राइव्हचं हेड फ्लॉपीच्या चकतीला घासूनच वाचतं. साडेतीन इंची फ्लॉपीचं झाकण सरकवून चकती उजेडात तिरपी धरा. पांढुरके ठिपके किंवा जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. ती तशीच फिरवली की ठिपक्याबरोबर चुंबकीय लेपही खरवडला जातो, आणि हेडला चिकटलेला मळ पुढच्या चांगल्या फ्लॉपीवरही ओरखडे काढतो. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने चकती हलक्या हाताने पुसायची, पूर्ण वाळू द्यायची, मगच ड्राइव्ह. पहिला प्रयोग बिनमहत्त्वाच्या फ्लॉपीवर करावा.

‘इतक्या वर्षांत सगळं पुसलं गेलं असणार’ हेही खरं नाही. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९ सालचा. त्याचा कर्ता जॉर्डन मेकनर याचा मूळ सोर्स कोड २०१२मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या खोक्यात सापडला. तो फ्लॉप्यांवरच होता, आणि जाणकारांनी तो सहीसलामत उतरवून घेतला.

खरी गंमत पुढे आहे. लोकांना वाटतं, फ्लॉपी वाचली गेली की कॉपी झाली. साध्या फाइलींपुरतं ते बरोबर, पण विकत मिळणाऱ्या गेमच्या फ्लॉपीला कंपनीने अनेकदा कुलूप घातलेलं असे, आणि ते कुलूप बऱ्याचदा फाइलीत नव्हे तर चकतीवरच्या खुणांच्या, म्हणजे चुंबकीय बदलांच्या, अंतरात असे. नेहमीच्या ७२० केबी फ्लॉपीवर दोन चुंबकीय बदलांमधलं अंतर वेळेत मोजलं तर ४, ६ किंवा ८ मायक्रोसेकंद भरतं. काही कंपन्या मुद्दाम एखादी खूण अधेमधे, साधारण ५वर, ठेवत. ड्राइव्ह तिला एकदा ४ समजतो, एकदा ६. गेम तीच जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतो. उत्तर बदलत राहिलं तर फ्लॉपी अस्सल. दर वेळी तेच आलं तर नक्कल! अटारी एसटी या संगणकावरचा १९८७चा ‘डंजन मास्टर’ ही युक्ती वापरी, तीही एकदा सुरुवातीला नव्हे, तर खेळ चालू असताना अधूनमधून. डॉसची ‘डिस्ककॉपी’ एकदा जे वाचेल तेच ठाम करून लिहिते, म्हणजे नेमकं कुलूपच गळून जातं.

म्हणून जतन करणारे लोक फाइली नव्हे, ते अंतरच नोंदवतात. कीर फ्रेझर यांचं ‘ग्रीझवीझल’ हे छोटं बोर्ड जुन्या ड्राइव्हच्या ३४ पिनांच्या केबलला जोडतात, दुसरी बाजू यूएसबीला. चकती मिनिटाला ३०० फेऱ्या घेते. एका ट्रॅकच्या पाच फेऱ्या नोंदवायला एक सेकंद, १६० ट्रॅकना तीनेक मिनिटं. बाजारात मिळणारा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह इथे कुचकामी. तो फक्त वाचलेला मजकूर पुढे देतो, अंतर सांगतच नाही.

‘क्रॅक केलेला, म्हणजे कुलूप तोडलेला, गेम नेटवर आहेच की!’ आहे, पण त्यात बदल झालेला असतो. प्रिन्सच्या डॉस आवृत्तीत पहिल्या लेव्हलनंतर कुप्यांची खोली येते. माहितीपुस्तिकेतल्या शब्दाचं अक्षर जुळवून बरोबर कुपी प्यायल्याशिवाय पुढे जाता येत नसे. क्रॅकवर वाढलेल्यांनी ती खोली धड ओलांडलेलीच नाही. तेव्हा पेटीतली पुस्तिका रद्दीत घालू नका; तीही स्कॅन करा.

एम्युलेटर, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम, याबद्दलही असाच घोळ आहे. डॉसबॉक्स हा गेम चालवण्यासाठी उत्तम, पण फ्लॉपी ड्राइव्हची बारीक नक्कल तो करत नाही. कुलूपबंद मूळ प्रत त्याच्यापुढे बहुधा अडते. तिथे ८६बॉक्स किंवा अमिगा संगणकासाठी विनयूएईसारखा एम्युलेटर लागतो, जो चकतीवरच्या खुणांसकटची नोंद वाचतो.

एम्युलेटर म्हणजे चोरी नव्हे, आणि जुना गेम म्हणजे फुकटचा मालही नव्हे. ‘अबँडनवेअर’ असा शब्द आपल्या कॉपीराइट कायद्यात नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. मात्र १९५७च्या याच कायद्याचं कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचाव म्हणून बॅकअप घ्यायची मुभा देतं, आणि २०१२मध्ये आलेलं कलम ६५ए कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगतं ते हक्कभंगाचा हेतू असेल तरच. स्वतःच्या फ्लॉपीची नोंद स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवणं वेगळं. तीच नोंद गावभर वाटायची असेल, तर हक्कधारकाला विचारावंच लागेल.