गणवेश आणि विद्यार्थ्याचा आवाज

उरण तालुक्यातील जासई या गावी दरवर्षी १६ जानेवारी रोजी हुतात्म्यांचे स्मरण केले जाते. नवी मुंबईसाठी संपादित झालेल्या जमिनींना न्याय्य मोबदला मिळावा म्हणून उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर १९८४ साली याच दिवशी दास्तान फाट्याजवळ पोलिसांनी गोळीबार केला. दुसऱ्या दिवशी न्हावा-शेवा परिसरात पुन्हा गोळ्या झाडल्या गेल्या. दोन दिवसांत पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. या लढ्याचे नेते दि. बा. पाटील हे जासईचेच सुपुत्र. प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व पुढे शासनाने मान्य केले, त्यामागे या पाच जणांचे रक्त आहे, हे त्या परिसरातील लहान मुलालाही ठाऊक असते.

समजा, अशाच एका १६ जानेवारीला सातवीतील एक मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत आली. गणवेश पूर्ण आहे, वेणी घातलेली आहे, मात्र बाहीवर तिने काळी फीत लावली आहे. तिच्या आजोबांनी तो दिवस डोळ्यांनी पाहिलेला आहे. परिपाठाच्या वेळी गुरुजींचे तिच्याकडे लक्ष जाते. त्यांनी काय करावे? फीत काढावयास सांगावी, तिला घरी पाठवावे, की पाहूनही न पाहिल्यासारखे करावे?

हा प्रसंग आम्ही कल्पिलेला आहे. परंतु मुंबईतील एका महाविद्यालयाच्या पोशाखविषयक नियमाचा वाद २०२४ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यापासून शाळेत शिस्त कोठे संपते आणि मुलाचे स्वातंत्र्य कोठे सुरू होते, असे आमच्या वाचकांपैकी काही पालक व शिक्षक आम्हांस वारंवार विचारीत आले आहेत. त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकातून देण्यापूर्वी जासईसारख्या गावातून शोधावे, असे आम्हांस वाटले.

प्रथम गणवेशाच्या बाजूने जे सांगण्यासारखे आहे ते सांगितले पाहिजे, कारण ते थोडे नाही. जासई हे आता केवळ शेतकऱ्यांचे गाव राहिलेले नाही. जवळच जवाहरलाल नेहरू बंदर, सभोवती कंटेनरची गोदामे, आणि २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेला अटल सेतू जिथे जमिनीवर उतरतो ते चिर्लेही शेजारीच. ज्यांना भूखंड मिळाले आणि ज्यांनी ते चांगल्या दराने विकले त्यांची मुले, ज्यांच्या वाट्याला खटल्यांशिवाय काही आले नाही त्यांची मुले, आणि दूरच्या राज्यांतून गोदामांत कामाला आलेल्यांची मुले अशा परिसरात एकाच बाकावर बसतात. सदरा एकच असला तर निदान पाच तास बापाच्या खिशाची खोली कोणास दिसत नाही. गणवेशाचा हा समतेचा गुण आम्ही मनापासून मानतो. त्याला दडपशाही म्हणणारे लोक बहुधा ज्यांच्या कपाटात कपड्यांची उणीव नसते असेच असतात.

याच समतेच्या नावाने शासनाने २०२३ साली 'एक राज्य, एक गणवेश' ही योजना जाहीर केली. शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना राज्यभर एकसारखा गणवेश, कापड एकाच ठिकाणाहून घेतलेले, शिलाई बचत गटांकडून. हेतू वाईट नव्हता. प्रत्यक्षात २०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षात अनेक शाळांतील मुलांनी स्वातंत्र्यदिनाचे झेंडावंदन जुन्याच कपड्यांत केले, आणि जे गणवेश आले त्यांतील कित्येक मापात बसेनात. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने माघार घेतली आणि गणवेश ठरविण्याचा व घेण्याचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे सोपविला. ही समिती २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने निर्माण केली असून तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. गणवेश गावातील आईबापांनी ठरवावा, मंत्रालयाने नव्हे, हा त्या माघारीचा अर्थ आम्हांस महत्त्वाचा वाटतो. कारण आईबापांनी ठरविलेल्या नियमाला अपवाद कोणता, हेही त्यांनाच विचारता येते.

आता काळ्या फितीकडे वळू. भारतीय राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य 'सर्व नागरिकांना' दिले आहे. तेथे वयाची अट नाही. अठरा वर्षांची अट मतदानाला आहे, विचार व्यक्त करण्याला नाही. या स्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, परंतु ते कायद्याने घालावे लागतात, आणि सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, नीती अशा घटनेत नमूद केलेल्या कारणांसाठीच. जिल्हा परिषदेची शाळा ही शासनाचाच भाग असल्यामुळे हे बंधन तिच्यावर थेट येते. खाजगी विनाअनुदानित शाळेची गोष्ट वेगळी आहे.

या तत्त्वाची कसोटी केरळमधील तीन भावंडांनी लावून दाखविली. कोट्टायम जिल्ह्यातील ही मुले यहोवाचे साक्षी या पंथाची. शाळेत राष्ट्रगीत सुरू झाले की ती आदराने उभी राहत, पण गात नसत; ईश्वराशिवाय कोणाचेही स्तवन करावयाचे नाही, अशी त्यांची श्रद्धा. जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढून टाकण्यात आले. केरळ उच्च न्यायालयात ती हरली. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी त्यांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला. न्या. ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिलेल्या त्या निकालात दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली, बोलण्याच्या हक्कात गप्प राहण्याचा हक्कही येतो. दुसरी गोष्ट शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे: मुलांना ज्या परिपत्रकांच्या आधारे काढले होते ती केवळ खात्याच्या सूचना होत्या, त्यांना कायद्याचे बळ नव्हते, आणि अशा सूचनेने मूलभूत हक्क हिरावून घेता येत नाही. आपल्याकडे मुख्याध्यापकांच्या टेबलावरील प्रत्येक परिपत्रक वेदवाक्य मानले जाते, म्हणून हे येथे सांगितले.

काळ्या फितीचाच खटला मात्र अमेरिकेत झाला. डिसेंबर १९६५ मध्ये आयोवा राज्यातील डे मॉईन या शहरात मेरी बेथ टिंकर ही तेरा वर्षांची मुलगी, तिचा भाऊ जॉन व त्यांचा मित्र ख्रिस्तोफर एकहार्ट यांनी व्हिएतनाम युद्धातील मृतांबद्दल शोक म्हणून आणि युद्धविरामाच्या मागणीसाठी दंडावर काळ्या फिती बांधल्या. टिंकर भावंडांचे वडील मेथडिस्ट धर्मगुरू होते. शाळांनी फितींवर आधीच बंदी घातली होती. मुलांना घरी पाठविण्यात आले. फेब्रुवारी १९६९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. मुलाच्या अभिव्यक्तीमुळे शाळेच्या कामात ठोस व्यत्यय येत असेल, किंवा इतरांच्या हक्कांवर आक्रमण होत असेल, तरच शाळेला ती थांबविता येते. कोणाला ते मत आवडत नाही, किंवा काही गडबड होईल अशी नुसती भीती वाटते, एवढे कारण पुरेसे नाही. तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण कसोटी म्हणून तो उपयोगी आहे. योगायोग असा की, त्या मुलांनी फिती बांधल्या त्याच्या नऊच दिवस आधी, ७ डिसेंबर १९६५ रोजी, रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला होता, आणि सदसद्विवेकाविरुद्ध वागण्याची सक्ती कोणावरही होऊ नये, असे त्यात म्हटले होते.

फीत सोपी आहे; ती गणवेशावर लावलेली असते. अवघड प्रश्न येतो तो श्रद्धेने सांगितलेले वस्त्र गणवेशालाच छेद देते तेव्हा. या बाबतीत आपली न्यायालये एका सुरात बोललेली नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने केवळ मुलींच्याच शाळेत डोक्यावर रुमाल न बांधण्याची सूचना धर्मस्वातंत्र्याचा भंग करीत नाही, असा निकाल दिला होता; तो २००३ च्या निकालसंग्रहात छापलेला आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी हिजाबवरील निर्बंध कायम ठेवताना शाळा ही मर्यादित स्वरूपाची सार्वजनिक जागा असल्याचे म्हटले आणि तिची गणना न्यायालये व लष्करी छावण्या यांच्या पंक्तीत केली. त्यावरील अपिलात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. न्या. हेमंत गुप्ता यांनी अपिले फेटाळली. न्या. सुधांशू धुलिया यांनी ती मान्य केली. शिस्त हवी, पण शाळा ही छावणी नव्हे, आणि फाटकाशी मुलीला हिजाब उतरवावयास लावणे हा तिच्या प्रतिष्ठेवर घाला आहे, असे त्यांचे म्हणणे. प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला.

त्यानंतर आले चेंबूर. तेथील एका महाविद्यालयाने हिजाब, बुरखा, टोपी, बिल्ला इत्यादींवर बंदी घातली. नऊ विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेल्या. २६ जून २०२४ रोजी त्यांची याचिका फेटाळली गेली. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या परिपत्रकाला अंशतः स्थगिती दिली. वर्गात चेहरा झाकणारा बुरखा चालणार नाही, हे न्यायालयाने मान्य केले. पण मुलींनी काय घालावे हे त्यांच्यावर सोडावे, असे सांगताना कपाळावरील टिळ्यावरही बंदी घालणार काय, असा प्रश्न संस्थेला विचारला. जासईतील आमच्या मुलीच्या दृष्टीने त्या यादीतील 'बिल्ला' हा शब्द ध्यानात घेण्यासारखा आहे. मजकूर पाहू गेल्यास काळी फीत त्याच रांगेत बसते.

येथवर आम्ही दुसऱ्यांच्या शाळांविषयी बोललो. आपल्या घरात काय आहे? ऑक्टोबर २०२५ मध्ये कोचीतील एका कॅथोलिक शाळेत आठवीतील मुलीच्या हिजाबवरून वाद पेटला, शाळा बंद ठेवण्याची वेळ आली आणि अखेरीस त्या मुलीने दुसरी शाळा पाहिली. घटनेचे तिसावे कलम अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालविण्याचा अधिकार देते, आणि केरळ उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या एका निकालाने गणवेशाबाबत संस्थेचा सामूहिक अधिकार विद्यार्थ्याच्या व्यक्तिगत अधिकाराहून वरचढ मानला आहे. तेव्हा कायद्याने आपली बाजू लंगडी नाही. परंतु ज्या अल्पसंख्याक समाजाला स्वतःच्या गळ्यातील क्रूस व जपमाळ प्रिय आहे, त्याने दुसऱ्याच्या मुलीच्या डोक्यावरील वस्त्राकडे कसे पाहावे, हा प्रश्न कायद्याचा नाही.

आम्ही स्वतः या बाबतीत निर्दोष नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका शाळेची जबाबदारी आमच्याकडे असताना, राखी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पाचवीतील एका मुलाला आम्ही सर्वांसमोर मनगटावरील राखी काढावयास लावली. गणवेशाच्या नियमात दागिने नकोत असे लिहिले होते. राखी म्हणजे दागिना, असा अर्थ आम्ही लावला. मुलाने गाठ दातांनी सोडविली आणि राखी खिशात घातली. संध्याकाळी त्याची आई आली. ती भांडली नाही. 'फादर, त्याची बहीण आजारी असते, म्हणून त्याला ती काढवत नव्हती,' एवढेच ती म्हणाली. आम्ही कधी विचारलेच नव्हते. भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. अन्य धर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, सर्व श्रद्धांचा आदर राखावा, सकाळच्या प्रार्थनासभेत घटनेची उद्देशिका म्हणावी, असे त्यात आहे. त्या वाचताना आम्हांस ती राखी आठवली.

तर मग बाहीवर काळी फीत लावलेल्या मुलीचे काय? आमच्या मते गुरुजींनी प्रथम तिला विचारावे, आणि तेही चारचौघांत नव्हे. फितीने वर्ग थांबत नाही, कोणाचा अपमान होत नाही, गणवेश झाकला जात नाही. मग ती काढावयास सांगण्याला कारण उरत नाही. उलट परिपाठात तिला दोन मिनिटे बोलू द्यावे. परराज्यांतून आलेल्या कुटुंबांतील मुलांना आपण राहतो ती जमीन कोणाची होती, हे त्यातून कळेल. निवडणुकीच्या दिवसांत एखाद्याने पक्षाचा बिल्ला लावला आणि त्यावरून मारामारी जुंपली, तर तो काढावयास सांगता येईल, पण मग सर्वच पक्षांचे बिल्ले काढावे लागतील. महाराष्ट्रातील शाळा व्यवस्थापन समितीत विद्यार्थ्यांचेही प्रतिनिधी असतात. ही बोलणी तेथे, सोळा तारखेच्या आधीच, व्हावीत. बालहक्कांच्या ज्या संयुक्त राष्ट्रीय करारात मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याचा हक्क नोंदविला आहे, त्यात भारत १९९२ साली सामील झाला. व्हॅटिकन त्याच्या दोन वर्षे आधी.

गुरुजींनी स्वतः फीत लावावी काय, हा प्रश्न निराळा. ते जिल्हा परिषदेचे सेवक असल्याने वर्तणुकीचे नियम त्यांना लागू आहेत, आणि मार्च २०२४ पासून तर त्यांच्याही पोशाखाविषयी शासनाच्या सूचना आहेत: जीन्स नको, टी-शर्ट नको. मुलीने उद्या त्यांना 'गुरुजी, तुम्ही का नाही लावली?' असे विचारले, तर तिला हे सर्व समजावून सांगण्यास एक तास पुरणार नाही.