दुहेरी रेघ

“मावशी, तुमचे वडील कशानं गेले?”

“अटॅकनं. चाळिशीही उलटली नव्हती, झोपेतच गेले.”

सोलापुरातल्या एका हृदयरोग ओपीडीत शिकाऊ डॉक्टर कागदावर चौकोन काढते आणि त्यावर तिरकी रेघ मारते. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, तिरकी रेघ म्हणजे मृत. मग मावशींचे भाऊ, मुलं, पुतणे. पूर्व भागातलं तेलुगू विणकर कुटुंब असो, अक्कलकोटकडचं कन्नड बोलणारं असो की बार्शीचं मराठी, प्रश्न तेच राहतात. नवरा-बायको नात्यातले असतील तर त्यांना जोडणारी रेघ दुहेरी काढतात. मामाची मुलगी करण्याची रीत इकडे जुनी, त्यामुळे अशा रेघा नवलाच्या नाहीत.

घरच्यांच्या तोंडी ‘अटॅक’ हा एकच शब्द असतो. पण तरुण माणूस अचानक जातो तेव्हा दर वेळी रक्तवाहिनीच तुंबलेली असते असं नाही. कधी हृदयाचा स्नायूच आनुवंशिकतेने जाड झालेला असतो. म्हणून कागदानंतर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. अंधारलेल्या खोलीत रुग्ण डाव्या कुशीवर, छातीवर गार जेल, आणि स्क्रीनवर हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याची जाडी मोजली जाते. रक्तदाब किंवा झडपेचं कारण नसताना प्रौढात ती 15 मिलिमीटर किंवा जास्त भरली, तर हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीचा, म्हणजे याच जाड स्नायूच्या आजाराचा, संशय पक्का होत जातो.

याचा एक धागा भारतीय उपखंडात सापडतो. हृदयस्नायूच्या आकुंचनात भाग घेणारं एक प्रथिन घडवणाऱ्या एमवायबीपीसी3 जनुकातली 25 अक्षरं काही जणांत गळालेली असतात. पेरुंदुराई धंदपाणी, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले कुमारसामी थंगराज आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये दाखवलं, की उपखंडातल्या सुमारे 4 टक्के लोकांत, म्हणजे 25 जणांत एकात, हा बदल आहे आणि त्यांच्यात स्नायूच्या आजाराचा धोका बराच जास्त आहे. हा आजार बहुधा उतारवयात डोकं वर काढतो. तोवर लग्न झालेलं असतं, मुलं झालेली असतात, आणि बदल पुढच्या पिढीत गेलेला असतो. असा बदल असलेले सगळेच आजारी पडत नाहीत. 2018 च्या एका अभ्यासात तर काहींमध्ये याच जनुकातला आणखी एक बदल सोबत आढळला. धोक्यात त्याचाही वाटा असावा.

दुहेरी रेघ इथे महत्त्वाची ठरते. एका पालकाकडून बदल आला तर जनुकाची दुसरी प्रत शाबूत असते. आईवडील एकाच आजोबांची नातवंडं असली, तर दोन्ही प्रती सदोष मिळण्याची शक्यता वाढते, आणि अशा मुलांत आजार लहानपणीच, फार तीव्र रूपात दिसलेला आहे.

जनुक-चाचणी प्रत्येकाच्या आवाक्यातली नाही, कागद-पेन आहे. घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता ते त्यांना सांगा, आणि त्याच्या सख्ख्या भावंडांचा व मुलांचा ईसीजी आणि इको करून घ्या.