सुंठीवाचून खोकला जातो, मग सुंठ कशासाठी?

आपल्या ट्रस्टच्या या महोत्सवी स्मरणिकेत शिक्षण, शिष्यवृत्त्या, इमारत अशा मोठ्या विषयांना जागा मिळावी हे योग्यच आहे. आम्ही मात्र सभासदांचे व त्यांच्या कुटुंबीयांचे लक्ष एका लहान विषयाकडे वेधू इच्छितो. तो म्हणजे चुलीवरचे पातेले. पावसाळा लागला की दमणगंगेकाठच्या या मुलखात घरोघरी आले, मिरी आणि गवती चहा यांचा वास दरवळू लागतो. टोकरखाड्यात कोणाकडे काढा उकळत असतो, कोणाकडे यखनी, कोणाकडे कुळथाचे कढण, तर कोणाकडे नागलीची पेज. या पेयांनी काय साधते आणि काय साधत नाही, हे घरातील प्रत्येकास ठाऊक असणे जरूर आहे. हा भेद न कळल्यामुळे साधे दुखणे जिवावर बेतू शकते.

'सुंठीवाचून खोकला गेला' अशी आपली म्हण आहे. ती वैद्यकीय दृष्टीनेही पुष्कळशी खरी आहे. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि बहुधा सात ते दहा दिवसांत आपोआप बरी होते. काढ्याने तो विषाणू मरतो असे सिद्ध झालेले नाही. मग सुंठ कशासाठी? आमचे उत्तर असे की, रोग्यास आराम पडावा यासाठी. आराम ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

इंग्लंडशेजारच्या वेल्स प्रांतात कार्डिफ येथील विद्यापीठात सर्दी झालेल्या ३० जणांवर एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत २००८ साली प्रसिद्ध झाला. फळांचे एकच पेय काहींना गरम दिले, काहींना साधे. साध्या पेयानेही शिंका, खोकला व नाक वाहणे कमी झाले. परंतु घशाची खवखव, थंडी वाजणे आणि थकवा यांवर उतार पडला तो गरम पेयानेच. गंमत अशी की, यंत्राने मोजले असता नाकातून जाणाऱ्या हवेत काहीच फरक आढळला नाही. नाक होते तसेच होते. माणसाला मात्र बरे वाटले.

मसाल्याचे काम याच धर्तीचे आहे. मिरी, आले व मिरची यांतील तिखट द्रव्ये तोंडातील व नाकातील ज्ञानतंतूंना चेतवतात. त्यामुळे लाळ सुटते, नाक वाहू लागते, घाम येतो आणि घसा ओला राहतो. आले वाळवून त्याची सुंठ केली की त्यातील द्रव्य पालटून अधिक तिखट होते; म्हणून आल्यापेक्षा सुंठ कमी घालावी. मळमळ कमी करण्यास आले उपयोगी पडते, यालाही चांगला आधार मिळाला आहे.

आपल्या पूर्वजांनी हे अनुभवाने जाणले होते. कुराणशरीफमधील सूरह दहरमध्ये जन्नतमधील पेयात जंजबील, म्हणजे आले, मिसळलेले असल्याचा उल्लेख आहे. जवाच्या पिठाची तल्बीना रोग्याच्या व शोकाकुल माणसाच्या मनास उभारी देते, अशा आशयाची हदीस हजरत आयेशा यांच्याकडून आली आहे. बाराव्या शतकात कैरो येथे राहणारे यहुदी हकीम मूसा इब्न मैमून यांनी कोंबडीच्या रश्श्याची शिफारस केली होती. तेव्हा आपली यखनी आणि शेजारच्या घरातील पेज ही एकाच शुश्रूषेची दोन रूपे होत.

आता या पेयांच्या मर्यादा पाहू. पहिली मर्यादा पोषणाची. बाळंतिणीस किंवा अशक्त मुलास केवळ गाळलेली यखनी देऊन 'सगळी ताकद यातच उतरली' असे समजणे चूक आहे. पाण्यात उतरते ते मीठ, चव आणि थोडेसे प्रथिन. बरेचसे पोषण मांसातच राहते. म्हणून मांसही खाऊ घालावे. कुळथाचे कढण करताना कुळीथ टाकून न देता घोटून त्यातच घालावेत.

दुसरी मर्यादा प्रमाणाची. २०२० साली करोनाच्या साथीत आयुष मंत्रालयाने तुळस चार भाग, दालचिनी व सुंठ प्रत्येकी दोन भाग आणि मिरी एक भाग असा काढा सुचवला होता. तीन ग्रॅम पूड दीडशे मिलिलिटर उकळत्या पाण्यात घालून दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यावी, असे प्रमाणही सांगितले होते. परंतु दोनाच्या जागी सहा पेले घेतले म्हणजे तिप्पट गुण येतो असे नाही. त्याने जळजळ मात्र होते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या जाड सालीच्या दालचिनीत कुमारिन नावाचे द्रव्य असते. ते रोज फार गेल्यास यकृतास अपाय होतो. ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो. दुधात अर्धा चमचा हळद ठीक. मात्र हळदीच्या अर्काच्या गोळ्यांनी काहींच्या यकृतास इजा झाल्याची नोंद आहे. गरोदर स्त्रियांनी आणि रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांस विचारूनच काढे घ्यावेत. एक वर्षाच्या आतील बालकास मध मुळीच चाटवू नये आणि सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची आहे. जुलाब लागले असता शरीरातील पाणी व क्षार वेगाने निघून जातात, आणि लहान मूल काही तासांतच कोमेजते. तेथे काढा नव्हे, तर क्षारसंजीवनी द्यावी. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व सोडा यांचे पाणी पाजून पटकीच्या असंख्य रोग्यांचे प्राण वाचवले. तयार पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा असावा. मीठ जास्त होऊ देऊ नये. मीठ घातलेली तांदळाची पेजही चालते. तिखट रस्सा मात्र नको.

तापाचेही तसेच. मलेरिया, डेंगी आणि चिखलपाण्यात काम करणाऱ्यांस होणारा लेप्टो हे पावसाळ्यातील ताप सुरुवातीला साध्या तापासारखेच भासतात. ते ओळखण्यासाठी रक्ततपासणी लागते. ताप दोन दिवसांत न उतरल्यास, डोळे पिवळे झाल्यास, श्वास लागल्यास, लघवी कमी झाल्यास, अंगावर रक्ताचे ठिपके दिसल्यास किंवा मूल पाणी पिईनासे झाल्यास पेला खाली ठेवावा आणि सिल्वासाच्या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात तत्काळ जावे.

शेवटी एक साधी कृती देतो. चार पेले पाण्यात बोटाच्या पेराएवढे ठेचलेले आले, चार मिरी, गवती चहाची दोन पाती आणि तुळशीची सहा-सात पाने घालावीत. तीन पेले उरेपर्यंत उकळून गाळावे व चवीपुरता गूळ घालावा. मधुमेह असल्यास गूळ वगळावा. पेय फार कढत देऊ नये. कोमट झाल्यावर घोट घोट द्यावे.

आणि ते देताना क्षणभर रोग्याजवळ बसावे, त्याच्या कपाळावर हात ठेवून पाहावे, लघवी झाली का, जेवण गेले का, हे विचारावे. पेला नेऊन देणाऱ्या माणसालाच दुखणे वळण घेत असल्याचे सर्वांआधी कळते. घरातील ही नजर आणि दवाखान्यातील औषध यांची जोड असली, तर अनेक दुखणी वेळीच आटोक्यात येतील. आपल्या सभासदांच्या घरोघरी ती जोड कायम राहो, हीच आमची सदिच्छा.