दहशतवादात बाई कुठे असते? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

१ जानेवारी २०२५ रोजी गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर अकरा माओवाद्यांनी शस्त्रं खाली ठेवली. त्यातलं सर्वांत मोठं नाव विमला सिडाम ऊर्फ ताराक्का हिचं. ऐंशीच्या दशकात, गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हा ती दलममध्ये, म्हणजे माओवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत गेली आणि दंडकारण्य विशेष विभागीय समितीपर्यंत पोचली. तरीही तिची ओळख बहुतेकदा करून दिली जाते ती 'भूपतीची पत्नी' म्हणून. तो माओवादी नेता भूपती पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये साठ साथीदारांसह गडचिरोलीतच शरण आला. म्हणजे बायको त्याच्या साडेनऊ महिने आधी बाहेर पडली होती. जी बाई नवऱ्याआधी जंगल सोडायचा निर्णय घेते, तिला त्याच्या सावलीत उभी करून पाहिलं तर आपल्याला त्या संघटनेतलं नेमकं काय कळणार?

हिंसक संघटनांचा मुकाबला करताना स्त्री-पुरुष भेदाचा विचार करा, असं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ऑक्टोबर २०१५ मध्ये ठराव क्रमांक २२४२ करून सांगितलं. आपल्याकडे हा विषय निघाला की तो सभासंमेलनांचा, स्वयंसेवी संस्थांचा वाटतो. प्रत्यक्षात तो तपासनाक्यावरच्या शिपायाचा आहे, सरकारी वकिलाचा आहे आणि शरण आलेल्यांचं पुनर्वसन पाहणाऱ्या अधिकाऱ्याचाही आहे.

गैरसमज : बायका यात बळी असतात, नाहीतर नवऱ्यामागे ओढल्या गेलेल्या

२१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींच्या पाया पडायला वाकलेली आणि अंगावरचा स्फोट घडवणारी व्यक्ती स्त्री होती. २५ ऑगस्ट २००३ रोजी मुंबईत झवेरी बाजार आणि गेटवे ऑफ इंडियापाशी झालेल्या स्फोटांत पन्नासहून अधिक माणसं गेली. त्या खटल्यात फाशी सुनावलेल्या तिघांत एक गृहिणी आहे, आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयानेही ती शिक्षा कायम केली. टॅक्सीतून निघालेल्या जोडप्याकडे कोण संशयाने पाहतो? कट रचणाऱ्यांनी हेच हेरलं होतं.

नायजेरियात बोको हराम या अतिरेकी संघटनेने हा हिशेब फार मोठ्या प्रमाणावर मांडला. जून २०१४ मध्ये गोम्बे इथे त्यांच्या पहिल्या स्त्री आत्मघातकी हल्लेखोराने स्फोट घडवला. एप्रिल २०११ ते जून २०१७ या काळातल्या ४३४ आत्मघातकी हल्लेखोरांचा अभ्यास झाला. त्यातल्या ज्या ३३८ जणांचं लिंग निश्चित करता आलं, त्यांत किमान २४४ स्त्रिया आणि मुली निघाल्या. नाक्यावर बायकांची झडती घ्यायला बाई नाही आणि पुरुषाने घ्यायची तर समाजाला ते खपत नाही, या फटीतून स्फोटकं पुढे गेली. पण इथेच दुसऱ्या टोकाला जायचा धोका आहे. या मुलींपैकी अनेकींना पळवून आणलं होतं, त्यांच्या अंगावर बॉम्ब बांधून त्यांना गर्दीत ढकललं होतं. एकाच स्फोटातली मुलगी गुन्हेगार आणि बळी दोन्ही असू शकते. कुणाच्या बाबतीत काय खरं, हे व्यक्ती पाहूनच ठरवावं लागतं.

बाई आहे म्हणून सूट द्या, असा स्त्री-पुरुष भेदाच्या विचाराचा अर्थ कुणी काढत असेल तर तो उलटा आहे. आयसिसमध्ये सामील झालेल्या परदेशी तरुणींना वर्तमानपत्रांनी 'जिहादी नवऱ्या' म्हटलं आणि त्या घर सांभाळायला गेल्या असं गृहीत धरलं. त्यांतल्या जर्मनीहून गेलेल्या एकीला म्युनिकच्या न्यायालयाने २०२१ मध्ये दहा वर्षांची शिक्षा दिली, पुढे ती चौदा वर्षांची झाली. गुलाम म्हणून ठेवलेल्या, यझिदी या अल्पसंख्य समाजातल्या पाच वर्षांच्या मुलीला या बाईच्या नवऱ्याने उन्हात बांधलं, ती तहानेने मेली आणि ही बाई पाहत राहिली. घरात काय घडतं हे गुन्ह्याच्या हिशेबात धरलं, म्हणून त्या मुलीला इतका तरी न्याय मिळाला.

शिवाय बळी आणि हल्लेखोर या दोनच भूमिका नसतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी प्रसूती विभागातल्या वीस गर्भवतींना वाचवलं. नंतर हल्लेखोर कसाबला ओळखून त्या साक्षीला उभ्या राहिल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेसमोरही बोलल्या. दहशतवादाविरुद्धचा खटला अशा साक्षीदारांच्या जिवावर उभा असतो.

गैरसमज : मुलींना फूस लावून नेतात, त्यांना स्वतःचं कारण नसतं

इथे थोडं थांबायला हवं, कारण याचं उत्तर आपल्याच राज्याच्या पूर्व टोकाला आहे.

माओवादी पक्षावर २००९ पासून दहशतवादी संघटना म्हणून बंदी आहे. त्याच्या सशस्त्र दलांत स्त्रियांचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास असल्याचे अंदाज अनेक वर्षं मांडले गेले. इतक्या मुली केवळ फसवणुकीने जंगलात जात नाहीत. ऐंशीच्या दशकात दलम गावांत शिरले तेव्हा त्यांनी आधी हात घातला तो तेंदूपत्त्याच्या दराला. पान तोडायचं काम मोठ्या प्रमाणावर बायका करायच्या, पुड्याचा भाव ठेकेदार ठरवायचा. जंगल खात्याच्या माणसांची दहशत वेगळीच होती. दर वाढला तेव्हा तो बायकांच्या हातात दिसला. पुढे पक्षाच्याच क्रांतिकारी आदिवासी महिला संघटनेने जबरदस्तीची लग्नं, दोन बायका करणं, बाईने शेतात बी पेरू नये असे नियम यांविरुद्ध गावोगावी आवाज उठवला. नको असलेल्या लग्नातून सुटायला एखादी मुलगी दलमच्या वाटेला लागली, तर तिच्यापुढे दुसरी कुठली वाट मोकळी होती हा प्रश्न विचारावाच लागतो. तिला सोडवायला शासनाचं कुणी तिथे पोचलेलं नव्हतं.

हे लिहिताना माओवादी संघटनेचं कौतुक करायचं माझ्या मनात नाही. तिने बायकांची दुखणी ओळखली आणि त्यांच्या बदल्यात त्यांचं आयुष्य मागितलं. खबरी ठरवून गावातल्या माणसांना मारलं, तेव्हा विधवा झालेल्याही आदिवासी बायकाच होत्या. आतली समताही फार वरपर्यंत गेली नाही. मुंबईत शिकलेल्या आणि नागपुरात समाजशास्त्र शिकवणाऱ्या अनुराधा गांधी केंद्रीय समितीवर पोचल्या, चळवळीतल्या स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलं आणि एप्रिल २००८ मध्ये मलेरियाने त्यांचा मृत्यू झाला. त्या पातळीवर पोचलेल्या स्त्रिया मोजक्याच. बंदूक खांद्यावर घेणाऱ्यांत बायका खूप आणि निर्णय घेणाऱ्यांत जवळपास सगळे पुरुष, असं चित्र राहिलं. शरण आलेल्या काहीजणींनी आत झालेल्या लैंगिक शोषणाबद्दलही सांगितलं आहे. पोलीस अशा कहाण्या प्रचाराला वापरतात, पण तेवढ्याने त्या खोट्या ठरत नाहीत.

आत जाण्याचं आणि बाहेर येण्याचं बाईचं कारण पुरुषापेक्षा वेगळं असू शकतं, आणि ते नीट ऐकून घेतल्याशिवाय भरती रोखता येत नाही. हा सगळा लेख लिहायचं कारण खरं तर एवढंच आहे.

गैरसमज : हा विषय बायकांचा आहे

मग पुरुषांचं काय? जगातल्या बहुतांश हिंसक संघटनांत पुरुषच जास्त आहेत, आणि पुरुषपणाच्या कल्पना त्यांच्या भरतीत थेट कामाला येतात. ईशान्य नायजेरियात लग्नासाठी मुलीच्या घरी रक्कम द्यावी लागते. ती नसलेला तरुण समाजात पुरता पुरुष ठरत नाही. बोको हरामने अशांना बायको मिळवून देण्याचं आमिष दाखवल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. त्यासाठी पळवून आणलेल्या मुली कुणाच्या होत्या, हे निराळं सांगायला नको.

माओवादी पक्षाची रीत उलट होती. लग्नाला परवानगी मिळे, मूल होऊ द्यायला नाही. म्हणून अनेक पुरुषांची लग्नाआधी नसबंदी होई. बाहेर आल्यावर काही जोडप्यांनी ती उलटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. संसार करता यावा, ही इच्छा शस्त्र टाकण्याच्या निर्णयामागे किती असते, याकडे सुरक्षेच्या चर्चेत क्वचितच कुणी लक्ष देतं.

घरातल्या हिंसेचा धागाही असाच दुर्लक्षित. ब्रिटनच्या दहशतवादविरोधी पोलिसांनी कट्टरतेच्या शंकेवरून नोंद झालेल्या लोकांची माहिती तपासली. त्यातल्या एक तृतीयांशाहून अधिक जणांचा घरगुती हिंसाचाराशी संबंध निघाला : करणारा, सोसणारा किंवा पाहणारा म्हणून. २०१९ मध्ये इंडोनेशिया, बांगलादेश आणि फिलिपिन्समध्ये झालेल्या पाहणीतही धार्मिकता, वय किंवा शिक्षण यांपेक्षा स्त्रियांवरच्या हिंसेचं समर्थन आणि अतिरेकी हिंसेचं समर्थन यांचं नातं जास्त घट्ट दिसलं. बायकोला मारणारा प्रत्येक जण अतिरेकी होतो, असं यातून अजिबात निघत नाही. पण पोलीस ठाण्यात आलेली बायकोची तक्रार 'घरगुती भांडण' म्हणून परत पाठवली जाते, तेव्हा एक महत्त्वाची खूणही परत जाते. एप्रिल २०१८ मध्ये टोरांटोत एकाने भाड्याची व्हॅन पादचाऱ्यांवर घातली. मेलेल्यांत बायकाच जास्त होत्या. स्त्रियांविषयीचा द्वेष हाच ज्यांना एकत्र आणतो अशा इंटरनेटवरच्या पुरुषांच्या टोळक्याशी त्याने स्वतःला जोडलं होतं. पुढे कॅनडाच्या न्यायालयाने अशाच विचाराच्या दुसऱ्या एका हल्ल्याला दहशतवाद ठरवलं.

गैरसमज : महिला पोलीस भरल्या, आयांना समजावलं की झालं

छत्तीसगडमध्ये २०१९ साली 'दंतेश्वरी लडाके' हे महिला कमांडोंचं पथक झालं, त्यात शरण आलेल्या माओवादी स्त्रियाही होत्या. गावात शिरताना, घराची झडती घेताना, बायकांशी बोलताना बाई असणं उपयोगाचंच आहे. पण नुसत्या संख्येने वर्दीवरचा विश्वास परत येत नाही. बिजापूर भागात सोळा आदिवासी स्त्रियांवर राज्याच्या पोलिसांनी बलात्कार, लैंगिक आणि शारीरिक अत्याचार केल्याचं प्रथमदर्शनी दिसतं, असं राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये म्हटलं. अशी एक घटना किती वर्षांचा विश्वास धुऊन नेते, आणि दलमला किती मुली मिळवून देते?

आयांबद्दलही तसंच. मुलाच्या वागण्यातला बदल आईला आधी जाणवतो हे खरं, आणि त्यावर आधारलेले कार्यक्रम अनेक देशांत चालतात. पण आईला पोलिसांचे कान बनवलं की मुलगा तिच्यापासून तुटतो आणि गावात तिच्यावर 'खबरी' असा शिक्का बसतो. दंडकारण्यात या शब्दाने जीव गेले आहेत. श्रीलंकेच्या राधिका कुमारस्वामी यांनी २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांसाठी केलेल्या अहवालात स्त्रियांना सुरक्षेचं साधन म्हणून वापरण्याचा हाच धोका दाखवला होता. बायकांच्या संघटनांना आधी त्यांच्या स्वतःच्या प्रश्नांवर काम करू द्यायला हवं. हेरगिरीची अपेक्षा न ठेवता दिलेला पैसा आणि संरक्षण त्यांना हवं आहे.

गैरसमज : सुटका झाली, शरण आली, प्रश्न मिटला

ऑगस्ट २०१४ मध्ये आयसिसने इराकमधल्या सिंजारमधून हजारो यझिदी स्त्रिया आणि मुलं पळवून नेली. इराकने मार्च २०२१ मध्ये यझिदी पीडित स्त्रियांसाठी कायदा केला, त्यात दरमहा मदत आहे, जमीन आहे, शिक्षणाची सोय आहे. बलात्कारातून जन्मलेल्या मुलांचा प्रश्न मात्र त्या कायद्याने सोडवला नाही. इराकमध्ये बाप मुस्लिम तर मुलाची नोंद मुस्लिम अशीच होते, आणि यझिदी धर्मपरिषदेने २०१९ मध्ये आयांना परत घेतलं तरी अशा मुलांना स्वीकारता येणार नाही असं स्पष्ट केलं. त्यामुळे कित्येकींना मूल किंवा घर यांतलं एक निवडावं लागलं.

महाराष्ट्रात आत्मसमर्पणाची योजना २००५ पासून आहे. शरण आलेल्या बाईसाठी त्या योजनेत नेमकं काय पाहिलं जातं, हे तपासून घ्यायला हवं. बक्षिसाची रक्कम तिच्या स्वतःच्या खात्यात जमा होते की नवऱ्याच्या? घर कुणाच्या नावावर होतं? आतल्या लग्नाची कागदोपत्री नोंद होते का? मूल हवं असेल तर उपचाराचा खर्च कोण उचलतो? ज्या जुलमी लग्नातून ती पळाली होती, त्याच गावी तिला परत पाठवलं जात नाही ना, हे कोण बघतं?