घरांतर्गत सरळ जिन्याच्या मापांचे नियोजन : एक विवेचन

प्रस्तावना

घराच्या आराखड्याची चर्चा करताना दिवाणखाना, स्वयंपाकघर, खिडक्या यांचा विचार विस्ताराने होतो. जिना मात्र बहुधा उरलेल्या जागेत बसविला जातो. वस्तुतः जिन्यावर माणूस दिवसातून अनेक वेळा, पुष्कळदा हातात ओझे घेऊन आणि पायांकडे न पाहता वावरत असतो. जुन्या वाड्यांतील अरुंद व उभे जिने तरुणांना सवयीने साधत, वृद्धांना मात्र ते अवघड जात. आज तळमजल्यावर दुसरा मजला चढविताना तीच अडचण नव्या घरात निर्माण होऊ शकते. कारण काँक्रीटचा जिना एकदा ओतला, की तो फोडल्याशिवाय त्याची मापे बदलत नाहीत. म्हणून सरळ जिन्याची मापे कोणत्या क्रमाने ठरवावीत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१) पायरीची उंची व रुंदी

पायरीला दोन मापे असतात. एक उंची, जिला बांधकामाच्या व्यवहारात ‘रायझर’ म्हणतात. दुसरी पाऊल ठेवण्याची रुंदी, म्हणजे ‘ट्रेड’. ही मापे परस्परांवर अवलंबून असतात. सतराव्या शतकात फ्रेंच वास्तुशास्त्रज्ञ फ्रांस्वा ब्लाँदेल यांनी माणसाच्या चालीच्या आधारे असा नियम मांडला, की उंचीची दुप्पट आणि रुंदी यांची बेरीज एका पावलाच्या अंतराइतकी असावी. उंची वाढली, की रुंदी कमी व्हावी, हे त्यामागील तत्त्व होय. आज ही बेरीज साधारणतः ६०० ते ६४० मि.मी. धरली जाते.

भारतीय मानक ब्यूरोच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या २००५ च्या आवृत्तीत निवासी इमारतींसाठी पायरीची कमाल उंची १९० मि.मी. व किमान रुंदी २५० मि.मी. सांगितली आहे. ही टोकाची मर्यादा आहे, आदर्श माप नव्हे, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. प्रत्यक्ष बांधकामापूर्वी स्थानिक विकास नियंत्रण नियमावली पाहणेही अगत्याचे ठरते.

२) पायऱ्यांची संख्या

प्रथम पायरीची उंची ठरवून मग पायऱ्या मोजणे ही पद्धत सदोष आहे. खालच्या तयार जमिनीपासून वरच्या तयार जमिनीपर्यंतची एकूण उंची घेऊन तिचे समान भाग करावेत. उदाहरणार्थ, ही उंची ३००० मि.मी. असेल तर १६ भाग केल्यास प्रत्येक पायरी १८७.५, १७ केल्यास सुमारे १७६.५ आणि १८ केल्यास सुमारे १६६.७ मि.मी. उंच होते. पहिला पर्याय कमाल मर्यादेच्या अगदी जवळ आहे. दुसऱ्या पर्यायात २५० मि.मी. रुंदी घेतल्यास ब्लाँदेल यांची बेरीज ६०३ येते, म्हणजे तो नियमात बसतो. तिसरा वृद्धांसाठी अधिक सुखकर आहे. परंतु त्यात बेरीज साधण्यासाठी रुंदी २८० मि.मी. पर्यंत वाढवावी लागते व जागा अधिक लागते.

अनेक कुटुंबांत विषम संख्येच्या पायऱ्यांचा आग्रह असतो. येथे गोंधळ होण्याची शक्यता असते. १७ उंच्या असलेल्या जिन्यात पाऊल ठेवण्याचे पृष्ठभाग १६ च असतात. कारण शेवटची उंची चढून आपण वरच्या मजल्यावर येतो. आपण काय मोजत आहोत, हे मिस्त्रींशी बोलताना आधी स्पष्ट करावे.

३) जिन्याची लांबी

उपरोक्त संहितेनुसार एका सलग ओळीत १५ पेक्षा अधिक उंच्या नसाव्यात. त्यामुळे १७ उंच्यांच्या सरळ जिन्यात ९ व ८ अशी विभागणी करून मध्ये थांबा घ्यावा. १६ पृष्ठभागांपैकी एक थांबा १ मीटरचा आणि उरलेले १५ पृष्ठभाग २५० मि.मी.चे धरल्यास जिन्याची लांबी ४.७५ मीटर होते. खाली व वर वावरण्यासाठी प्रत्येकी १ मीटर जागा सोडल्यास ६.७५ मीटर सरळ अंतर आवश्यक ठरते. एवढी जागा नसेल तर पायऱ्या उभ्या करण्याऐवजी वळणाचा जिना निवडणे इष्ट होय.

४) लादीची जाडी

सर्वाधिक दुर्लक्षित बाब हीच आहे. समजा, दोन्ही मजल्यांच्या जमिनीवर लादी व खालचा थर मिळून ५० मि.मी. जाडी येणार आहे आणि पायऱ्यांवर ३० मि.मी. काँक्रीटमध्ये सर्व उंच्या समान १७६.५ ठेवल्या, तर लादी बसल्यावर पहिली पायरी १५६.५ आणि शेवटची १९६.५ मि.मी. होते. दोहोंत ४० मि.मी.चा फरक पडतो व शेवटची पायरी कमाल मर्यादाही ओलांडते.

हा फरक डोळ्यांना सहसा जाणवत नाही, पायाला जाणवतो. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरून पाऊल उंचीचा अंदाज बांधते आणि पुढे त्याच अंदाजाने चालते. अंदाज चुकला, की तोल जातो. म्हणून काँक्रीटमध्ये पहिली उंची १९६.५ व शेवटची १५६.५ मि.मी. ठेवावी, जेणेकरून लादीनंतर सर्व उंच्या समान होतील.

५) डोक्यावरील अंतर, रुंदी व कठडा

पायरीच्या कडेपासून वर २.२ मीटर मोकळी उंची असावी. आपल्या उदाहरणात वरची लादी, स्लॅब व गिलावा मिळून २०० मि.मी. धरल्यास छताचा तळ २८०० मि.मी. वर येतो. तिसरी पायरी ५२९ मि.मी. वर असल्याने ती छताखाली चालते. चौथी ७०६ मि.मी. वर असल्याने चालत नाही. अर्थात चौथ्या पायरीच्या पुढील कडेपासून स्लॅब मोकळा हवा, म्हणजेच किमान ४ मीटर लांबीची मोकळी जागा स्लॅब ओतण्यापूर्वीच निश्चित व्हावी.

संहितेत जिन्याची किमान रुंदी १ मीटर आहे. दुमजली रांगेतील घरांसाठी ०.७५ मीटरची सवलत आहे. मात्र कपाट वर नेताना किंवा आजारी व्यक्तीस धरून उतरविताना ही सवलत अपुरी पडते. कठडा सुमारे ९०० ते १००० मि.मी. उंच असावा व त्याच्या उभ्या गजांतील अंतर १०० मि.मी. पेक्षा कमी असावे, म्हणजे लहान मुलाचे डोके त्यात अडकत नाही.

समारोप

सारांश, तयार जमिनींमधील उंची, तिचे समान भाग, लांबी, लादीची जाडी आणि स्लॅबमधील मोकळी जागा हा नियोजनाचा क्रम होय. सेंटरिंग लावण्यापूर्वी पाणी भरलेल्या नळीने पातळी घेऊन लादीसह प्रत्येक पायरीची खूण भिंतीवर करून घ्यावी. भिंतीवरील चुकलेली खूण पुसता येते. ओतलेली पायरी मात्र त्या घरातील प्रत्येक पिढीला चढावी लागते.